राग ओळखता यायला लागला आणि ऐकणं बिघडलं, असं कुणाचं झालंय का?

मंद्र

मी हिंदुस्थानी संगीत रीतसर शिकतोय. गायला नाही, नीट ऐकता यावं म्हणून. थाट, वादी-संवादी, रागांची चलनं, तालांचे ठेके हे आता बऱ्यापैकी अंगवळणी पडलंय. आणि तेव्हापासून एक गोष्ट सतत खटकते आहे.

मैफलीत आलाप सुरू झाला की पहिली दोन-तीन मिनिटं मी ऐकतच नाही. डोक्यात शोधाशोध चालू असते. रिषभ कोमल. मध्यम तीव्र. पंचम अजून लागला नाही, म्हणजे वर्ज्य दिसतोय. मग मारवा, पूरिया की सोहनी? धैवतावर थांबले, पुन्हा रिषभावर आले. मारवा! की झालं. नाव सापडलं आणि मन सैल पडलं. तेवढ्यात गायकाने जे काही उभं केलं ते माझ्या हातून गेलेलं असतं. मग ताल झुमरा की तिलवाडा, ते मोजण्यात आणखी दोन आवर्तनं जातात.

आमच्या आईला यातलं काहीही येत नाही. भीमसेनांचं ‘इंद्रायणी काठी’ लागलं की ती हातातलं काम थांबवते. ते भीमपलास आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही आणि तिला त्याची गरजही वाटत नाही. मी तेच गाणं ऐकतो तेव्हा कोमल गंधार कुठून घेतला याकडे लक्ष असतं. आमच्या दोघांत जास्त कोण ऐकतं, याचं उत्तर मला खरंच हवंय.

फक्त गाण्यापुरतं बोलू नका. तुमच्या कामातलं, छंदातलं सांगा. आतली यंत्रणा कळल्यावर गोडी वाढली की गेली?

फेडर

गेली. एका शब्दात उत्तर.

मी चित्रपटांचं ध्वनिमिश्रण करतो. पडद्यावर बाई जिना उतरते तेव्हा तुम्हाला बाई दिसते. मला स्टुडिओत लाकडी फळीवर चपला आपटणारा माणूस ऐकू येतो. पावसाचा आवाज कुठल्या संग्रहातला आहे ते कळतं, कारण तोच पाऊस मीही दहा ठिकाणी वापरलाय. संवाद नंतर डब केलेला असला तर ओठ आणि आवाज यांच्यातली केसभर फट मला खोलीएवढी दिसते. घरचे रडत असतात आणि मी विचार करत असतो की इथे पार्श्वसंगीत थोडं खाली घ्यायला हवं होतं.

हे बंद करता येत नाही. लोक सांगतात, सोडून द्यायचं, प्रेक्षक होऊन बघायचं. कान सोडून देता येत नाहीत.

खालीसम

मंद्र, तुम्ही शिकलात ते कमी पडलं असं मला वाटतं. जास्त झालं असं नाही. हे उर्मटपणे म्हणत नाहीये, सविस्तर सांगतो.

मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर एकच. कोमल रे, तीव्र म, पंचम नाही, बाकी शुद्ध. भातखंड्यांनी तिघांना एकाच मारवा थाटात घातलं. आता स्वर ओळखून, धैवत बघून तुम्ही ‘मारवा’ म्हणालात आणि थांबलात. पण स्वर तेच असताना मारवा ऐकून जीव टांगणीला का लागतो आणि पूरियात शिरताना उतरत खोल गेल्यासारखं का वाटतं, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलाच नाहीत. खरी गंमत तिथे आहे.

बघा. मागे तानपुरा अखंड षड्ज, म्हणजे सा, देतोय. गायक काय करतो? षड्जाला टाळतो. कोमल रिषभावर येतो, म्हणजे षड्जाच्या अगदी खेटून उभा राहतो आणि घरात पाऊल ठेवत नाही. तिथून निघून धैवतावर जातो, खालच्या निषादावरून फिरतो, षड्ज ओलांडून पुन्हा रिषभ. कोमल रिषभ आणि मागचा षड्ज यांचं घर्षण कानाला सतत बोचत असतं. सूर्य मावळतानाचा राग आहे हा, आणि ती हुरहूर या टाळाटाळीतून येते. मग कितीतरी वेळाने गायक षड्जावर येऊन टेकतो, तेव्हा सभागृहातून जो हुंकार येतो तो शिकलेल्यांचाही असतो आणि न शिकलेल्यांचाही.

पूरियात तेच स्वर, पण वजन गंधार आणि निषादावर, आणि वावर बराचसा मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या स्वरांत. सोहनी त्याच स्वरांना उचलून तार षड्जाकडे नेते, खाली फार थांबतच नाही.

हे एकदा कळलं की नाव सापडल्यावर मन सैल पडायचं काही कारण उरत नाही. उलट नाव कळलं म्हणजे पुढे कशाची वाट बघायची ते कळलं. आज षड्ज किती वेळ टाळतील? टाळताना कंटाळा येऊ देतील की ताण वाढवतील? मारवा आहे हे ज्याला माहीत नाही त्यालाही ताण जाणवतो, पण कशाने जाणवतोय ते ज्याला माहीत आहे तो त्या ताणात राहू शकतो.

नुसतं नाव कळणं आणि काम कसं चालतं ते कळणं, या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. परीक्षेला पहिलं लागतं, ऐकायला दुसरं. आपल्याकडची शिकवण पहिल्यावर थांबते.

पुडीवाला

खालीसम यांच्याशी सहमत. माझी बाजू हाताच्या कामाची आहे.

आमच्या घरात तबला-डग्ग्याच्या दुरुस्तीचं काम पिढीजात आहे. लहानपणी मला शाई, म्हणजे तबल्यावरचा काळा गोल, लावायला बसवत. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ एकत्र मळायची, पुडीच्या, म्हणजे वरच्या कातड्याच्या, मधोमध पातळ थर द्यायचा, आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. वाळला की पुढचा थर, आधीच्यापेक्षा जरा लहान. असे कितीतरी थर. घोटता घोटता शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात. नवख्याला वाटतं काम बिघडलं. पण त्या भेगा पडल्याच पाहिजेत, त्यांच्यामुळे शाई कातड्याबरोबर हलते. भेगा नसतील तर तबला बोलत नाही, ठक्क वाजतो.

वडील हे सगळं हाताने जाणत होते. का, ते मला कॉलेजात कळलं. साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे नाद मूळ नादाच्या पटीत नसतात, म्हणून ढोलाचा दणका येतो पण नेमका सूर सापडत नाही. मध्यभागी शाईचं वजन पडलं की ते विस्कटलेले नाद सरकून एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटींत येऊन बसतात. म्हणून तबला षड्जाला मिळवता येतो. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० साली लिहिलं आणि १९३४ साली पुन्हा सविस्तर. प्रकाशावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं ते १९३० साली, म्हणजे त्याच्या आधीही आणि नंतरही हा माणूस आपल्या तबल्या-मृदंगाकडे वळत होता.

आता तबलजी ‘ना’ वाजवतो तेव्हा त्याच्या अनामिकेकडे बघा. ती शाईच्या कडेला हलकीशी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, पडते. त्या टेकलेल्या बोटाने मूळ नाद दाबला जातो आणि वरचे तेवढे सुटतात, म्हणून ‘ना’ एवढा टणत्कारी. बोट टेकवलं नाही तर तो ‘ना’ राहतच नाही. हे कळल्यावर मी तबला ऐकायचं सोडलं नाही, मी तबल्यापुढे जास्त वेळ बसायला लागलो. कुणा कारागिराने, रामन यांच्या जन्माआधी कितीतरी वर्षं, कानाने चाचपत हे साधलं, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

आज्जीचा रेडिओ

तुम्ही सगळे एक गृहीत धरून चाललाय, की मंद्र यांच्या आईला काही कळत नाही. मला हे पटत नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या बाईने जन्मभर काय ऐकलेलं असतं? पहाटेची भूपाळी, देवळातली काकडआरती, भजनाच्या फडातले अभंग, नाट्यपदं, रेडिओवरची भावगीतं. भीमपलास तिने शेकडो रूपांत ऐकलेला आहे. कोमल गंधारावरून मध्यमाकडे जाताना आता काय येणार, हे तिच्या कानाला आधीच ठाऊक असतं. तिला फक्त त्याचं नाव सांगता येत नाही. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर एकच, भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. त्या माऊलीला दोन्ही ऐकवा. एकाला ती संध्याकाळचं म्हणेल आणि दुसऱ्याला सकाळचं. मी माझ्या आजीवर हे करून बघितलंय.

त्यामुळे एका बाजूला ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला निरागस आनंद, अशी वाटणी मुळातच चुकीची आहे. तुमच्या आईचा आनंद हा जाणकाराचाच आनंद आहे. शाळेत न जाता मिळवलेला.

गच्चीवरून

मग ज्याने यातलं काहीच कधी ऐकलेलं नाही त्याचं काय? १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. परग्रहावरच्या कुणाला षड्ज कुठे आणि कोमल रिषभ कुठे हे थोडंच कळणार? तरी पाठवलीच ना. सुराला काही सांगायचं असेल तर तो ज्ञानाशिवायही सांगतो, असाच त्याचा अर्थ.

खालीसम

गच्चीवरून, उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूने जातं. ती भैरवी निवडली जावी म्हणून आग्रह धरणारा माणूस रॉबर्ट ब्राउन, भारतीय संगीताचा अभ्यास केलेला अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ. भारतीय संगीताच्या हजारो तबकड्यांतून गोव्यातल्या केरीच्या या बाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी उचलायला जाणता कानच लागला. ज्याला सगळंच सारखं गोड लागतं त्याने कदाचित दुसरंच काही पाठवलं असतं.

बेसूरविरोधी

एवढी चर्चा कशाला? ज्याला समजतं तोच खरा श्रोता. बाकीचे गर्दी करतात. सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बघा, द्रुत लय आणि तिहाई आली की टाळ्या, विलंबितात मोबाईल बाहेर.

आज्जीचा रेडिओ

बेसूरविरोधी, तुमच्या या सुराची मला खरोखर भीती वाटते, कारण याच सुराने आपल्याकडे मोठं नुकसान केलंय.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली. कारण काय? तर शास्त्र. पेटीचे स्वर ठरलेले, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, तिचा गंधार रागातल्या गंधाराशी जुळत नाही. यातलं एकही विधान खोटं नाही. सगळं तांत्रिकदृष्ट्या अचूक. आणि त्या अचूकपणाच्या जोरावर ज्या वाद्यावर गोविंदराव टेंबे वाजवत होते, ज्याच्या साथीवर आपली सगळी नाट्यपदं उभी राहिली, जे गावोगावच्या भजनी मंडळांत होतं, ते वाद्य रेडिओवरून हद्दपार झालं. १९७१ नंतर बंदी हळूहळू सैल झाली. तीस वर्षांत किती पेटीवादक रेडिओच्या दाराबाहेर राहिले असतील, विचार करा.

माहिती खरी होती. ती कान उघडायला न वापरता दार बंद करायला वापरली. मंद्र यांच्या डोक्यात पहिल्या दोन-तीन मिनिटांत तेच चालतं असं मला वाटतं, फक्त छोट्या प्रमाणावर. गायक परीक्षेला बसल्यासारखा समोर, आणि आपण तपासनीस.

काळी एक

पेटी शिकवतो, म्हणून राहवत नाही. वरच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन, पण एक भर घालतो.

पेटीचा गंधार चढा असतो हे खरं आहे आणि हे प्रत्येक चांगल्या पेटीवादकाला माहीत असतं. म्हणूनच तो गायकाच्या लांबवलेल्या गंधारावर स्वतः पडून राहत नाही. हात हलका करतो, षड्ज-पंचमावर सरकतो, गायकाचा स्वर मोकळा सोडतो. श्रोत्याला वाटतं पेटीवाला विश्रांती घेतोय. तो अत्यंत सावध असतो त्या क्षणी. साथीतलं निम्मं शहाणपण कुठे वाजवायचं नाही यात आहे, आणि ते कळायला आपल्या वाद्याचा दोष नेमका किती आणि कुठे, हे माहीत असावं लागतं. तर बंदी घालणाऱ्यांना जे ठाऊक होतं तेच आम्हालाही ठाऊक आहे. आम्ही त्याचा उपयोग वेगळा केला.

सह्यकडा

मला गाण्यातलं कळत नाही, पण मंद्र यांनी छंदातलंही सांगा म्हटलंय.

मी डोंगरात भटकतो. सुरुवातीला सह्याद्री म्हणजे कडे, धबधबे आणि किल्ल्यांचा इतिहास. मग एकदा भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राबरोबर घाट चढलो. वाटेत एका ठिकाणी कातळाच्या दोन थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा होता, हाताच्या रुंदीचा. याआधी अशा पट्ट्यांवरून मी कितीदा गेलो असेन. तो म्हणाला, इथे थांब. खालचा काळा थर म्हणजे लाव्हाचा एक प्रवाह, वरचा म्हणजे पुढचा. मधला लाल पट्टा म्हणजे पहिला प्रवाह थंड होऊन, त्याचा वरचा भाग ऊन-पावसाने झिजून त्याची माती झाली, आणि मग त्यावर दुसरा प्रवाह आला. जेवढा वेळ माती व्हायला लागला तेवढा वेळ इथे शांतता होती. कदाचित काही उगवलंही असेल. हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं.

मग त्याने दाखवलं की थराच्या माथ्याकडचा दगड सच्छिद्र का. लाव्हातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि तिथेच गोठले. पुढे त्या भोकांत पाण्याने खनिजं आणून भरली, म्हणून आपल्याला दगडात पांढरे ठिपके दिसतात. असा सच्छिद्र थर लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. घट्ट थर झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

तेव्हापासून मला एकही डोंगर नुसता डोंगर दिसत नाही आणि त्याचं मला यत्किंचितही वाईट वाटत नाही. धबधब्याखाली आजही तेवढाच ओला होतो.

फेडर

सह्यकडा, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझा मुद्दा जास्त स्पष्ट झाला.

डोंगर चुकत नाही. लाव्हाचा थर कुणी घाईत टाकलेला नसतो, निर्मात्याचे पैसे संपले म्हणून लाल पट्टा बारीक केलेला नसतो. निसर्गाबद्दल कितीही कळलं तरी त्यात दोष सापडत नाही. ज्ञान फक्त भर घालतं. माणसाने केलेल्या गोष्टीचं तसं नाही. ती कशी केली हे कळलं की ती कुठे फसली हेही कळतंच. दोन्ही एकत्रच येतं, त्यातलं एक नको म्हणता येत नाही.

आणि पोटाचा प्रश्न आहे. दिवसभर मला चूक शोधायचेच पैसे मिळतात. रात्री तोच कान घेऊन मी चित्रपटगृहात जातो. खालीसम आणि सह्यकडा यांचं ज्ञान हौसेचं आहे. ते हवं तेव्हा वापरता येतं.

पुडीवाला

फेडर, हा मुद्दा वजनदार आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण माझंही पोट याच कामावर आहे, म्हणून लिहितो.

पावसाळ्यातल्या मैफलीत चामडं ओल धरतं आणि तबला उतरायला लागतो. श्रोत्यांच्या आधी मला कळतं. पुढे मी काय करतो, तर तबलजीकडे बघतो. त्याला कळलंय का? कळलं असेल तर तो कुठल्या क्षणी हातोडी उचलतो? गायक आलापात गुंतलेला असताना, ठेका न सोडता, एका मात्रेच्या फटीत गजऱ्यावर हलकी टिचकी मारून सूर वर आणणारे लोक मी बघितलेत. बाकी सभागृहाला ते दिसतही नाही. चूक मला दिसली म्हणूनच ती सावरणंही दिसलं. माझ्यासाठी त्या मैफलीतला तो मोठा क्षण असतो.

चित्रपटात हे घडत नसेल, कारण तिथे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. सावरायला कुणी समोर नसतं. कदाचित म्हणून तुम्हाला जास्त त्रास होतो. तुम्ही नाटकं बघता का? बघून सांगा.

फेडर

नाटक बघतो. आणि हो, नाटकात त्रास होत नाही. माईक मध्येच बंद पडला आणि नटाने आवाज चढवून प्रवेश रेटला, असं एका प्रयोगात घडलं, तर मी बाकीच्यांपेक्षा जास्त जोरात टाळ्या वाजवल्या. याचा असा विचार केला नव्हता. चित्रपटाबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

लघुगुरू

थोडक्यात लिहिते. मराठी शिकवते. वृत्तं शिकवताना मुलांना ल-गु मांडायला लावून, गण पाडून, वृत्ताचं नाव लिहायला लावतो. दोन गुण. या दोन गुणांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कविता करपल्या.

हल्ली मी उलट जाते. आधी मनाचे श्लोक मोठ्याने म्हणायला लावते, हाताने टाळी देत. प्रत्येक ओळीत एक आखूड, दोन लांब, एक आखूड, दोन लांब, असं चार वेळा येतं हे मुलांच्या तळव्यांना आधी कळतं. मग विचारते, हे चालताना म्हणायला सोपं का जातं? दारोदार फिरून म्हणायचे श्लोक याच चालीत का असावेत? इथवर आल्यावर ‘भुजंगप्रयात’ हे नाव सांगितलं तर मुलं ते विसरत नाहीत. क्रम बदलला, बाकी ज्ञान तेच.

खालीसम

लघुगुरू, अगदी हेच तालाचं. मंद्र म्हणतात की मोजण्यात आवर्तनं जातात. मोजू नका. विलंबित एकतालात बारा मात्रा मोजत बसलात तर वेड लागेल, काही गायकांचं एकेक आवर्तन मिनिटभर चालतं. ‘तिरकिट’ ऐका. धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. तिरकिट दोनदा येतं. पहिल्यानंतर अजून बराच पल्ला आहे. दुसऱ्यानंतर फक्त धी आणि ना, की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. दुसरं तिरकिट वाजलं आणि गायक अजून तानेत वरच कुठेतरी आहे, अशा वेळी पोटात जो गोळा येतो, तो मोजणाऱ्याला कधी येत नाही, कारण तो आकड्यात असतो.

आणि मंद्र, एक सुचवतो. पुढच्या वेळी पहिली दोन-तीन मिनिटं गायकाला सोडून द्या. तानपुरा ऐका. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या, तारेतून गंधार ऐकू येतो का बघा.

मंद्र

सगळ्यांचे आभार. आईबद्दलचं आज्जीचा रेडिओ यांचं म्हणणं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात एवढं सांगण्यासारखं काय आहे, आणि मग पुन्हा वाचायला लावलं.

खालीसम यांनी सांगितलेलं करून बघितलं, क्लासमध्ये. आमच्या बाईंकडे मिरजेचा तानपुरा आहे. मी आजवर तो मिळवलेला असतानाच ऐकला होता. या वेळी त्यांना विचारून शेजारी बसलो. बाईंनी आधी तारा लावल्या, सूर मिळाले, पण आवाज बसका, कोरडा. मग खर्जाच्या तारेखालचा दोरा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, अगदी किंचित पुढे सरकवला. काही नाही. आणखी थोडा. आणि एकाएकी तार उलगडत गेली. मिणमिणत वर चढत जाणारा एक झोत, आणि त्याच्या मधोमध स्पष्ट गंधार. कुणीही न छेडलेला.

बाईंनी सांगितलं, तो आधीपासूनच तारेत असतो, जवारी लागली, म्हणजे दोऱ्याने तार घोडीवर नेमकी टेकली, की दिसायला लागतो. घोडीचा माथा सपाट नसून किंचित गोलसर असतो, तार त्याला घासत, टेकत-सुटत कंप पावते, त्यामुळे तारेतले वरचे नाद एकामागोमाग उघडतात. तानपुऱ्यावरही रामन यांनी १९२१ साली लिहिलंय, हे पुडीवाला यांच्या प्रतिसादावरून शोधताना कळलं.

मग मी काळी एक यांची आठवण ठेवून पेटीवरचा गंधार दाबला. बाईंचा तानपुरा त्या दिवशी काळी एक या पट्टीलाच लावलेला होता. दोन गंधार एकमेकांवर आले आणि आवाज सेकंदाला दोन-तीनदा हिंदकळायला लागला. हे मी शंभर वेळा वाचलं होतं. ऐकलं नव्हतं.

त्यानंतरच्या मैफलीत काय झालं ते सांगतो. तानपुरे ऐकत बसलो, आणि पंचमाची तार निषादावर आहे हे आधी कानावर आलं, राग सुरू व्हायच्या आत. म्हणजे पुन्हा अंदाज बांधायला सुरुवात झालीच. पण त्या अंदाजाची मला घाई नव्हती. शुद्ध कल्याण किंवा भूप असणार नाही एवढं कळलं, आणि मी पुढे काय येतंय त्याची वाट बघत बसलो. शोधाशोध अजून होते. खोटं बोलणार नाही.

काळी एक

आकडे हवे असतील तर देतो, कारण ते सुंदर आहेत. काळी एकचा खर्ज साधारण ६९.३ हर्ट्झ. त्याच्या पाचपट म्हणजे ३४६.५, हा तुमच्या तानपुऱ्यातला गंधार. पेटीचा तोच गंधार ३४९.२. फरक पावणेतीनच्या आसपास. सेकंदाला दोन-तीनदा हिंदकळला तो हाच. तुमच्या कानाने गणित बरोबर केलं.

पंचमाच्या तारेचंही बघा. तिच्या तिसऱ्या पटीत रिषभ आहे आणि पाचव्या पटीत निषाद. सा, रे, ग, प, नि हे सगळे त्या तारांत आधीच आहेत.

आज्जीचा रेडिओ

माझ्याकडे तानपुरा नाही. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हा गंधार ऐकू येईल का?

काळी एक

खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण वापरलेलं अ‍ॅप असेल तर येईल, आणि फोनवर उलट लवकर येईल. फोनचा स्पीकर इतका लहान असतो की ६९ हर्ट्झचा मूळ नाद तो जवळपास काढूच शकत नाही. ३४६ च्या आसपासचं मात्र नीट येतं.

आज्जीचा रेडिओ

थांबा. मूळ नाद निघतच नाही, तर मग फोनवर मला रोज खर्ज कसा ऐकू येतो?

काळी एक

तो तुमचा मेंदू पुरा करतो. दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे नाद क्रमाने आले की त्यांचा पाया कुठला असणार हे तो ओळखतो आणि नसलेला खर्ज तुम्हाला ऐकवतो. जुन्या ट्रान्झिस्टरच्या एवढ्याशा स्पीकरमधून तुमच्या आजीने पखवाज ऐकला तोही असाच. हेडफोन लावून तोच तानपुरा ऐका, मग खर्ज खरोखरचा येईल. दोन्हींत तुम्हाला फरक जाणवतो का, ते इथे लिहा. माझ्या विद्यार्थ्यांत निम्मे हो म्हणतात.